चूल न पेटवता केलेलं गोड

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरच्या चुलीवर गोड शिजत नाही. तेराव्याला गोडजेवण होतं, तेवढंच. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत पुरण नाही, शिरा नाही, तळण नाही, उन्हाळ्यातल्या पापड-कुरड्या नाहीत. शेजारणीनं आणून दिलं तर खावं, पण आपल्या चुलीवर करू नये आणि आपल्या चुलीवरचं गोड दुसऱ्याला देऊ नये. हे कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. पांढरकवड्याला आमच्या गल्लीत ते मोठ्या काकू सांगत, आणि त्या सांगत म्हणून सगळे पाळत.

मोठ्या काकू आमच्या समोरच्या घरात राहत. सत्तरीच्या, काटकुळ्या, विधवा होऊन जन्म लोटलेल्या. त्या कुणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या, पण अख्ख्या गल्लीला त्यांच्या आवाजाचा धाक होता. मलाही होता, आणि मला कुणाचा धाक वाटला की आधी रागच येतो.

बाबा माघात गेले. ते शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले होते. गावाबाहेर थोडी शेती होती, तिच्यात कापूस लावत. एका सकाळी अंगणात तोंड धुताना छातीत कळ आली, ते पायरीवर बसले आणि ऑटो येईपर्यंत सगळं संपलं. कुणाचं देणं नव्हतं, कुणाशी वाकडं नव्हतं. पण कापसाची ती वर्षं वाईट होती. आमच्या जिल्ह्यात शेत असलेला माणूस अचानक गेला, की लोकांच्या मनात एकच गोष्ट यायची, फवारणीचं औषध. भेटायला आलेल्या बायका पाणी पीत, डोळे पुसत, मग आईजवळ सरकून आवाज खाली आणत आणि विचारत, "काय घेतलं होतं त्याईनं?"

आई सांगायची, "काही घेतलं नाही. छातीत दुखलं." त्या मान हलवत, पण ती मान हो म्हणणारी नसायची. दूरचे नातेवाईक, बाबांचे जुने विद्यार्थी, एकदा तर कुठून तरी आलेला पाठीवर पिशवी अडकवलेला माणूस, सगळे तेच विचारून गेले. सुरुवातीला आई डॉक्टरांचा कागद दाखवायची. नंतर तिनं कागद दाखवणं सोडलं, मग उत्तर देणं सोडलं, आणि शेवटी दारात येणंच सोडलं.

मी तेव्हा नागपूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायचे आणि हॉस्टेलवर राहायचे. मे महिन्यात साठवलेली सगळी रजा काढून घरी आले, तेव्हा आई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवत होती. जेवत होती म्हणजे अर्धी भाकरी भाजीत कुस्करून पाण्याबरोबर घशाखाली ढकलत होती. "भाजी कशी झाली?" म्हणून मी विचारलं. "चांगली आहे," ती म्हणाली. मी चाखली, तर भाजीत मीठच नव्हतं. ज्या बाईनं उभ्या गल्लीच्या भाजीला नावं ठेवली, तिला अळणी भाजी चांगली लागावी, याची मला फार भीती वाटली. जूनमध्ये मला परत जायचं होतं. मी गेल्यावर या घरात ती आणि कापूस, एवढेच उरणार होते.

कापूस समोरच्या खोलीत होता. त्या वर्षी भाव इतका पडला होता की गावात कित्येकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. माणसं अंगणात झोपत आणि खोल्यांमध्ये कापूस. बाबांनी आमचा कापूस त्या खोलीत स्वतः तुडवून भरला होता, खिडकीच्या वरपर्यंत. भाव वाढला की काढू, म्हणाले होते. उन्हाळा आला तसे त्यातून किडे निघायला लागले आणि अंगाला खाज सुटायची, पण आई त्या ढिगाला कुणाला हात लावू देत नव्हती. व्यापारी दोनदा येऊन गेला. तिनं दार उघडलं नाही.

मला एवढंच हवं होतं, की मी जायच्या आत आई चार बायकांत बसावी. बसून खावं. रडावं, भांडावं, काहीही करावं, पण माणसांत करावं.

आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सरगुंडे यांचं काम आटोपलं, की बायकांची अंगतपंगत व्हायची. महिनाभर एकमेकींच्या घरी लाटून लाटून हात दुखून आले की एका संध्याकाळी प्रत्येकीनं आपापल्या घरून एक पदार्थ करून आणायचा, गल्लीत पाणी शिंपडायचं, सतरंज्या टाकायच्या आणि ओळीनं बसून एकमेकींचं खायचं. दरवर्षी आईच्या पुरणपोळीची वाट पाहिली जायची. त्या वर्षी आई लाटायलाही गेली नव्हती, कारण आमच्या घरी पापड नव्हते. आणि पंगतीला जायचं तर रिकाम्या हातानं जाता येत नाही. बिनगोडाचं काही करून ने म्हटलं, तर ती म्हणाली, "माह्या हातची चटणी खायले कोणी येत नाही तिथं." हे ती दुःखानं बोलली नाही, नुसतंच सांगितलं. त्यानं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हा मला हॉस्टेलवर पोरी करत तो ‘पाय’ नावाचा इंग्रजी गोड पदार्थ आठवला. आमच्या हॉस्टेलात खोलीत शेगडी लावायला सक्त बंदी होती, त्यामुळे पोरी बिनशेगडीचे पदार्थ शोधून काढण्यात पटाईत झाल्या होत्या. त्यातला हा एक. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ताटलीत दाबून बसवायचा, त्यावर डब्यातलं आटवलेलं दूध, चक्का आणि लिंबाचा रस फेटून ओतायचा, आणि गार करायला ठेवून द्यायचा. भाजणं नाही, तळणं नाही, शिजवणं नाही. पाय हे नाव आमच्या गल्लीत सांगायची सोय नव्हती, म्हणून मी बिस्किटांचं गोड म्हणायचं ठरवलं. मनात म्हटलं, मोठ्या काकूंच्या नियमात चूल आहे. इथे चूलच नाही.

पंगतीच्या दिवशी सकाळी बसस्टँडजवळून सगळं सामान आणलं. डेअरीतून चक्का, दुकानातून आटवलेल्या दुधाचे डबे, लोणी, ग्लुकोजची बिस्किटं. आई आत बसून होती. मी पाट्यावर बिस्किटं वरवंट्यानं रगडली. लोणी घट्ट होतं, ते वितळवायला मी सवयीनं गॅसकडे गेले आणि लायटर हातात घेतला.

"ते पेटवू नोको," आतून आवाज आला.

"लोणी पातळ करायचं आहे, आई."

"गोडासाठी आहे नं? मंग नाही." मी लायटर खाली ठेवला. मग ती म्हणाली, "वाटीत घालून गच्चीवर ठेव. ऊन कायले आहे?"

मी वाटी गच्चीवर ठेवली. यवतमाळ जिल्ह्यातलं मेचं ऊन, चपलेशिवाय पाय टेकवत नव्हता. खाली येऊन पाणी पिऊन परत वर गेले, तोवर लोण्याचं तेल झालं होतं. मी ते चुऱ्यात ओतून कालवलं आणि काठाच्या ताटात वाटीच्या बुडानं दाबून बसवलं. आई दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. ती कधी उठली, मला कळलं नाही.

मग मी चक्क्यात दूध ओतून फेटलं आणि लिंबू कापलं. लिंबू पातेल्यावर धरलं मात्र, आई पुढे आली आणि तिनं माझं मनगट पकडलं.

"काय करून राह्यली? दुधात लिंबू? नासवून राह्यली का सगळं?"

"नासत नाही आई. घट्ट होतं."

"मले नोको शिकवू. पनीर होईल त्याचं."

मी तिचा हात हळूच सोडवला आणि लिंबू पिळलं. ती तोंड वाकडं करून पाहत राहिली, पाहुण्यांसमोर कुणी मीठ जास्त घालावं तशी. मी ढवळलं. दूध फाटलं नाही, जड होत गेलं, मऊ आणि चकचकीत. आईनं माझ्या हातातून डाव घेतला, स्वतः दोन फेरे मारले आणि खाली वाकून बारकाईनं पाहिलं. "हे काहून नाही फाटलं?" असं ती स्वतःशीच म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही आलं. बाबा गेल्यापासून तिनं कशाचंही कारण विचारलं नव्हतं.

"चाखून पाहा," मी म्हटलं.

"नाही." डाव तिनं माझ्या हातात परत दिला. मी ते सगळं ताटातल्या चुऱ्यावर ओतलं.

आता ते गार कसं करायचं, हा प्रश्न होता. फ्रिज शेजारी होता, पण लोडशेडिंग असं चालू होतं की त्या फ्रिजमध्ये शेजारीण पुस्तकं ठेवायची, असं मी गमतीनं म्हणायचे. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी बर्फ विकणारा एक जण बसायचा. त्याच्याकडून मी बर्फाची लादी गोणपाटात बांधून ऑटोत घालून आणली. घरापर्यंत येता येता माझी साडी ओली झाली आणि लादी अर्धी झाली. दुपार अजून पुढे पडली होती. बर्फ घमेल्यात ठेवला, त्यावर ताट ठेवलं, वरून पातेलं उपडं घातलं, तरी बाजूनं पाणी सुटायला लागलं. हे संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे मला दिसत होतं. माझी चिडचिड व्हायला लागली.

आई समोरच्या खोलीकडे गेली. तिनं कडी काढली. मी मागून गेले तर ती ढिगासमोर उभी होती. बाबांनी तुडवलेला कापूस भिंतीसारखा घट्ट झाला होता. तिनं त्यात दोन्ही हात घातले आणि ओढून काढायला सुरुवात केली. मूठभर, मग ओंजळभर, मग कवेत मावेल एवढा. खाली पाय ठेवायला जागा झाली, तशी ती आत शिरली आणि ढिगाच्या मधोमध एक खड्डा केला. केसांत कापूस, हाताला खाज.

"आण ते घमेलं," ती म्हणाली. "खाली प्लॅस्टिकची पल्ली टाक आधी. ओला झाला तर पिवळा पडते."

आम्ही घमेलं त्या खड्ड्यात ठेवलं आणि वरून कापूस लोटला. आईनं वरचा कापूस हातानं सारखा केला, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा. मग ती तिथंच बसली आणि मला म्हणाली, "तुह्या बाबानं एवढं दाबून भरलं होतं. किती वेळ लागला असेल त्याईले." आणि ती रडली. मोठ्यानं नाही, पण रडली. मी तिच्याजवळ बसले.

संध्याकाळी गल्लीत पाणी शिंपडल्याचा वास आला, सतरंज्या झटकल्याचे आवाज आले. आम्ही कापूस बाजूला सारून घमेलं काढलं. बर्फ बराचसा शिल्लक होता आणि ताटातलं गोड सुरीला धरेल इतकं घट्ट झालं होतं. मी साडी बदलून ताट उचललं, तर आईनं ते माझ्याकडून घेतलं.

"तुले सारखे तुकडे कापता येत नाही," ती म्हणाली. "मी वाढून येतो. बसणार नाही."

मी हो म्हटलं. त्या घडीला मी कशालाही हो म्हटलं असतं.

गल्लीत बायका ओळीनं बसल्या होत्या. पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, आलूची भाजी, ज्वारीच्या भाकरी, शेवया, आमरसाचं पातेलं. आई बाहेर आलेली पाहून सगळ्या वळल्या. मोठ्या काकू नेहमीप्रमाणे ओळीत नव्हत्या, आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. दरवर्षी त्या तिथंच बसत आणि बायका त्यांचं ताट वर नेऊन देत. आम्ही तो त्यांचा मान समजायचो.

"काय आणलं?" त्यांनी वरूनच विचारलं.

"बिस्किटाचं गोड," आई म्हणाली.

"घरात गोड केलं? वरीस झालं नाही अजून."

"चूल पेटवली नाही काकू."

"लोणी दिसून राह्यलं त्यात. ते कशावर पातळ केलं?"

"उन्हात."

"अन् दूध?"

"डब्यातलं. तसंच ओतलं."

"घट्ट कशानं झालं मंग?"

"लिंबानं," आई म्हणाली, आणि पुढे स्वतःहून म्हणाली, "मलेबी वाटलं होतं फाटते म्हणून. नाही फाटलं."

मोठ्या काकूंनी थोडा विचार केला. सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी इतकी चिडले होते, की त्या नाही म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी वाईट बोलले असते आणि उन्हाळाभराची शोभा झाली असती. पण त्या म्हणाल्या, "चुलीवर चढलं नाही म्हणजे शिजवलं नाही. वाढ."

आई वाकून वाढायला लागली. बायकांनी ताटं पुढे केली. कुणी म्हणालं, आंबट-गोड आहे, कुणी म्हणालं, पेढ्यासारखं लागते. ओळीच्या टोकाला एक पाहुणी बसली होती, आमच्या शेजारणीची नणंद, ढाणकीहून आलेली. तिला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे शेतवाला माणूस अचानक गेला, एवढंच ठाऊक होतं. आई तिच्यासमोर वाकली, तेव्हा तिनं आईच्या कपाळाकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि अगदी मायेनं विचारलं, "बाई, काय घेतलं होतं त्याईनं?"

आईच्या हातातली सुरी ताटात टेकली आणि तिथंच राहिली. शेजारीण नणंदेला कोपरानं ढोसत होती. मी उठले. काय बोलणार होते ते मला अजूनही माहीत नाही, पण बोलणार होते. तेवढ्यात ओट्यावरून मोठ्या काकूंचा आवाज आला.

"माह्या मालकाले विहिरीतून काढलं, तवा माह्यं पोरगं पाळण्यात होतं." त्या पाहुणीकडे पाहत नव्हत्या, कुणाकडेच पाहत नव्हत्या. "पाय सरकला का उडी घेतली, सारे लोकं मले इचारत. पाण्याले गेली तरी इचारत, दुकानात गेली तरी इचारत. मले काय मालूम? मी होती काय तिथं? एवढी जिंदगी गेली, अजूनबी मले मालूम नाही."

कुणाच्या तरी ताटातली शेवई वाटीतून ओघळत होती, तिनं ती सावरली नाही.

"त्या साली ह्याच गल्लीत पंगत बसली होती," मोठ्या काकू म्हणाल्या. "मी दाराआड बसून आयकत होती. कोण काय खाते, कोण काय मांगते. मले कोणी बोलावलं नाही. पुढल्या साली बोलावलं, पण तवापर्यंत मले लोकाईत बसाची सवय मोडली होती. म्हणून मी इथंच बसतो." मग त्या त्या पाहुणीला म्हणाल्या, "हिचा मालक छातीच्या दुखण्यानं गेला. हिनं सांगतलं आहे. आता नोको इचारू."

पाहुणीनं मान खाली घातली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग येत होता, तो तिथंच निघून गेला. आणि मोठ्या काकूंचा इतकी वर्षं येत असलेला राग ठेवायला मला जागाच उरली नाही.

आईनं सुरी ताटात आडवी ठेवली, ताट माझ्या हातात दिलं आणि ती ओट्याच्या पायऱ्या चढली. तिनं मोठ्या काकूंच्या दंडाला धरलं. "उठा काकू," ती म्हणाली. "खाली बसू."

"मले नाही जमत, बाई. गुडघे दुखते."

"माह्येबी दुखते. चला."

काकूंनी बराच वेळ नाही नाही केलं. आई दंड सोडेना. शेवटी त्या एकेक पायरी बाजूनं उतरत खाली आल्या. बायका दोन्हीकडून सरकल्या. सतरंजीवर जागा झाली, आधी मोठ्या काकू भिंतीला हात लावत टेकल्या, मग त्यांच्या शेजारी मांडी घालून आई बसली. पंगतीत कुणी बसलं की पुढं ताट येतं, तसं दोघींपुढं ताट आलं. आईनं पदर सावरला आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"दोघींपुरतं राह्यलं का, बाई?"

माझ्या हातातल्या ताटात एकच तुकडा उरला होता, तोही कडेचा, मोडलेला. मी म्हटलं, "राह्यलं."